एकोणतीस नंबरची जोडी

१

तास भरत आला की डायलन खुर्ची टेबलाजवळ ओढायचा, संगणकाच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायचा आणि एंटर दाबायचा. ओळ ठरलेली होती. आधी टूलचं नाव, मग एक्स्चेंजचं, मग नाणं आणि चलन अशा जोड्यांच्या यादीचं, आणि शेवटी वीस हा आकडा. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वीस-वीस ओळी आण. टूल जायचं, कुठल्या तरी परदेशातल्या बाजाराचं दार वाजवायचं आणि क्रिप्टो नाण्यांची ऑर्डर बुकं उचलून आणायचं. डावीकडे घ्यायला उभे असलेल्यांचे भाव आणि नग, उजवीकडे विकायला बसलेल्यांचे. मध्ये फट. ती फट मिटली की सौदा.

टूल रिचर्डने बनवलं होतं. रिचर्ड म्हणजे डायलनचा चुलतभाऊ, पुण्यात असायचा. कोणी ढुंकून बघत नाही अशा बारक्या नाण्यांची माहिती तो एका कंपनीला पुरवायचा. बारकी एक्स्चेंजं उत्तर अर्धवट देत, कधी देतच नसत. म्हणून माणूस लागायचा. फाइल उघडून बघायची, ओळी तुटल्या असतील तर पुन्हा आणायची, खाडा पडू द्यायचा नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

डायलनने नववीत शाळा सोडली होती. आता तो चोवीस वर्षांचा होता, पण अजून वाण्याच्या दुकानात तोंडाने न सांगता चिठ्ठी पुढे करायचा. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याच्या मानेवर घाम फुटायचा. या कामात बोलावं लागत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे पप्पांच्या खाटेपासून चार हातांवर बसून ते करता येत होतं.

पप्पा, म्हणजे पास्कल, दोन वर्षांपूर्वी आडवे झाले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टरने उजवा हात उचलून सोडून दाखवला होता. तो गादीवर मासळीसारखा पडला. "ह्याच्यात आता काही नाही, असं धरून चाला," डॉक्टर म्हणाला होता. थोरली बहीण सँड्रीना म्हापशाला असायची. तिचं म्हणणं, पप्पांना तिकडे नन्सच्या आश्रमात ठेवावं.

"तू घरात बसान कमावतस तवसर ठेव," तिने सांगितलं होतं. "काम सुटला की मी गाडी घेऊन येतलंय. मगे रडू नको."

काम होतं म्हणून पप्पा होते, एवढा साधा हिशेब. नाहीतर मालवणच्या त्या माडीवर तो एकटा उरला असता. नऊ गेले की दहाची वाट बघायची, दहा गेले की अकराची. खाली बंदराकडून मासळीचा वास यायचा, रिक्षांचे आवाज यायचे, आणि खाटेवर पप्पांचा श्वास घरघरत राहायचा.

२

ऑर्डर बुक म्हणजे काय हे रिचर्ड त्याला फोनवर समजावू लागला तेव्हा डायलनला हसू आलं होतं. त्याला ते रक्तातच ठाऊक होतं. पप्पा आंब्याचे दलाल. देवगडच्या बागांतला हापूस मुंबईच्या बाजारात नेऊन विकायचे. शाळेच्या परीक्षा आणि आंब्याचा हंगाम एकाच वेळी येतात. नववीच्या वर्षी पप्पांनी विचारलं, पेपर की पेट्या? डायलन ट्रकमध्ये बसला.

त्या बाजारात भाव तोंडाने सांगत नसत. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, दोघांचे हात एका रुमालाखाली जात, आणि बोटांनी बोटं दाबून भाव चाले. टोक धरलं तर एक, मुळाशी धरलं तर दहा, पंजा धरला तर पाच. विकणारा स्वतःचा भाव कधी सांगायचा नाही. तो फक्त नको म्हणायचा. नको म्हणायचं तर अंगठ्याचं नख समोरच्याच्या तळव्यात रुतवायचं. आणि रुमाल उचलला की संपलं. शेवटचा भाव जो असेल तो सौदा. मग दलालाने पेटीवर त्या घेणाऱ्याच्या खुणेचा मार्का बोटाने काढायचा आणि माल दिवस मावळायच्या आत उचलला जायचा.

डायलनला एक विद्या आपोआप आली होती. रुमालाच्या सुरकुत्या बघून त्याला खालचा भाव कळायचा. पप्पांना त्याचं कौतुक होतं. पण पहिल्याच हंगामात त्याने एक चूक केली. पप्पांचा हात एका घामेजलेल्या, जाड्या माणसाच्या हातात बराच वेळ होता, आणि डायलनला ते बघवेना. त्याने रुमाल ओढला. एवढंच. चाळीस पेट्या मातीमोल गेल्या. पप्पांनी हात उगारला नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाले, "झिला, किळस इली तरी रुमाल काढूचो नाय. हात आपलो आसता, माल दुसऱ्याचो."

म्हणूनच ऑर्डर बुक बघताना त्याला नेहमी वाटायचं, की हा रुमाल काढून ठेवलेला बाजार आहे. सगळ्यांची बोटं उघडी. पप्पांनी बघितलं असतं तर तोंड फिरवलं असतं.

३

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अकराच्या फाइलीत त्याला ती ओळ दिसली.

यादीत एकोणतीस नंबरला एक मेलेलं नाणं होतं. एक्स्चेंजने त्याचा व्यवहार बंद करून वर्ष होत आलं होतं. फाइल रिकामी यायची, डायलन पुढे 'रिकामी' असं लिहायचा आणि पुढे जायचा. त्या दिवशी ती रिकामी नव्हती. उजवीकडे, विक्रीच्या बाजूला, एक ओळ होती. नग: एक. भावाच्या जागी काही नव्हतं. शून्यही नाही. डावीकडेही एकच ओळ. नग: एक. भाव: बारा.

त्याने पुन्हा टूल चालवलं. विक्रीची ओळ तशीच होती. खरेदीचा भाव चौदा झाला होता.

त्याने एक्स्चेंजचं पान उघडून बघितलं. तिथे ती जोडीच नव्हती. जुन्या उत्तराचा उष्टा तुकडा कुठेतरी राहिला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. असं होतं. रिचर्डनेच सांगितलं होतं की असं होतं. पण जुन्या तुकड्यात भाव वाढत नाही.

बाराच्या फाइलीत खरेदीची ओळ नाहीशी झाली. एकच्या फाइलीत पुन्हा आली. भाव: एकवीस.

त्याने रिचर्डला फोन लावला. त्याच्याशी बोलताना मानेला घाम फारसा यायचा नाही.

"भाव रिकामो कसो?" रिचर्ड म्हणाला. "इकणारो आपलो भाव सांगणां नाय? मेल्या, अशी ऑर्डर टाकूकच येणां नाय. टूल थंयच ओरडाक होया."

"ओरडत नाय पण."

"तुझ्या पप्पांच्या बाजारातलो कोणतरी घुसलो असतलो," रिचर्ड हसला. "सोड रे. यादीतसून काढून टाकतंय ती. अठ्ठावीसच आण. खाडो पाडू नको म्हणजे झाला, कंपनीवालो आधीच टकळी लावता."

दुपारी नवी यादी आली. डायलनने ती दोनदा मोजली. अठ्ठावीस. तीनचा ठोका झाल्यावर त्याने ओळ लिहिली, एंटर दाबलं, आणि फाइली मोजल्या.

एकोणतीस.

४

पप्पांना पुसून काढायला शेजारची जानकीकाकी यायची. बाईमाणूस असून तिच्या हाताला पुरुषासारखा जोर होता. पप्पांना कुशीवर वळवताना ती स्वतःशी गुणगुणायची आणि डायलनला टोमणे मारायची.

"लग्न कर रे. माका आता पन्नाशी लागली. तुझ्या बापाशीक मी उचलूचा आणि तू त्या डब्यात बघीत रवूचा." मग तिने नाक उडवलं. "डायलन, आंबो खंय ठेवलंस?"

"खयचो आंबो, काकी? ऑक्टोबर चललोसा."

"तोच तर. कुसक्या आंब्याचो वास येता. बघ तू."

वास त्यालाही आला होता. दोन दिवस आला होता, पण त्याने तो औषधांचा धरला होता. तळाला राहून पाणी सुटलेल्या, काळ्या पडलेल्या आंब्याचा गोड, घशाला चिकटणारा वास. जानकीकाकीने खाटेखाली वाकून बघितलं, उशा उचलल्या, पप्पांची गादी हुंगली. काही नव्हतं. मग तिने पप्पांचा उजवा हात पुसायला घेतला आणि थांबली.

"ह्या काय गो बाय?"

अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी भरलं होतं. पिवळट, ओलं, तंतू-तंतू असलेलं. काकीने काडीने ते उकरून काढलं. काडीला ते लांब ताणत आलं, तुटेना. वास त्याचाच होता. काकीने काडी फडक्यात गुंडाळली, फडकं पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली, आणि तरी ती हात साडीला पुसत राहिली.

"खाजवता काय हो रातीचो?" ती म्हणाली.

"तो हात हलणां नाय, काकी."

"हां. तां पण खरा," काकी म्हणाली, आणि पुढे गुणगुणली नाही.

ती गेल्यावर डायलनने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. त्याने त्या नखाला बोट लावलं नव्हतं. तरी धुतले. मग परत येऊन बसला आणि त्याच्या तोंडात आपोआप पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं.

५

बुधवारी त्याला ते दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा, इतके दिवस दिसत होतं ते कळलं.

पप्पांच्या छातीपर्यंत पांढरी चादर असायची. तिच्याखाली कधीकधी हालचाल व्हायची. डायलन त्याकडे लक्ष देत नसे. डावा हात चालता होता, खाजवत असतील, चाचपत असतील. त्या सकाळी अकराच्या फाइली येत होत्या आणि त्याने सहज मान वळवली. पप्पांचा डावा हात चादरीच्या वर होता. त्यात रोझरीची जपमाळ होती. ऑक्टोबर रोझरीचा महिना, म्हणून सकाळी त्यानेच ती पप्पांच्या हातात दिली होती. मणी जागच्या जागी होते, बोटं स्थिर होती.

चादर उजवीकडे हलत होती.

झटके येतात, डॉक्टर म्हणाला होता. मेलेल्या अंगालाही कधी झटके येतात. डायलन उठला नाही. त्याचे डोळे त्या सुरकुत्यांवर बसले आणि त्याच्या मनात नसतानाही ती जुनी विद्या जागी झाली. मुळाशी तीन बोटं. टोकाला पंजा, आणि वर तीन. तीस. आठ. मग चादर एकदम ताठ झाली, आणि एका जागी खुपसल्यासारखी खाली गेली. अंगठा. नको.

त्याने पडद्याकडे बघितलं. एकोणतीस नंबर. नग: एक. भाव: अडतीस.

पुढच्या तासाला ओळ नव्हती.

त्याने योगायोग धरला. मग त्याने तो तपासायचं ठरवलं, कारण तपासलं की भीती जाते असं त्याला वाटायचं. कागद घेतला. चादर हलली की आकडा आधी कागदावर लिहायचा, मगच टूल चालवायचं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सात आकडे झाले. एक्केचाळीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस, बावन्न. सातच्या सात जुळले. आठव्यांदा त्याने मुद्दाम चुकीचा आकडा लिहून बघितला. पडद्यावर बरोबर आला.

त्याने कागदाची घडी केली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरून बसला.

कोणीतरी घेणारा होता. तो रोज येत होता, पप्पांचा तो हात धरत होता आणि भाव वाढवत होता. पप्पा त्याच्या तळव्यात नख रुतवत होते. नग एक. पप्पांच्या खाटेवर दुसरं काय होतं? पप्पाच होते. हे एवढं डायलनला स्वच्छ कळलं, आणि कळल्यावर पहिला विचार त्याला आला तो भीतीचा नव्हता. त्याला शिसारी आली. तो जाडा, घामेजलेला हात त्याला आठवला. आपल्या बापाची बोटं कोणीतरी रोज अशी चिवडत बसतं, आणि आपण चार हातांवर बसून फाइली मोजतो.

६

शुक्रवारी सँड्रीनाचा फोन आला.

"रविवारी येतंय. गाडी सांगलंय."

"काम आसा माझा," डायलन म्हणाला. "सुटूक नाय."

"जानकीकाकीन फोन केलेलो. घरात कुसको वास येता म्हणता, पप्पांचा आंग सडता काय बघा म्हणता. तुका दिसणां नाय तां तिका दिसता. हट्ट करू नको रे."

सांगणार काय? पण फोन ठेवल्यावर त्याच्या मनाला हलकंसं वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. रविवारी पप्पा इथून जातील. तो घेणारा या खाटेपर्यंत येईल आणि खाट रिकामी असेल. अजून दोन दिवस. दोन दिवस पप्पांनी नको म्हणायचं.

तो खाटेजवळ गेला. पप्पांचं तोंड उजवीकडून ओघळलेलं, लाळ गळत होती. त्याने ती पुसली. पप्पांचा डावा डोळा त्याच्याकडे लागला होता. त्या डोळ्यात काहीतरी होतं, काहीतरी सांगायचं होतं. डावा हात उठला. रोझरी खाली पडली. त्या हाताने डायलनच्या छातीवर जोर लावला. ढकललं. पुन्हा ढकललं. दाराच्या दिशेने.

"पाणी होया?" डायलनने विचारलं. "जानकीकाकीक बोलवू?"

हात ढकलत राहिला.

"मी खंय जाव, पप्पा? हयच आसंय मी. सोडूचंय नाय तुमका."

पप्पांच्या घशातून एक आवाज आला. असा आवाज डायलनने दोन वर्षांत ऐकला नव्हता. मग हात गळून पडला.

७

शनिवारी जानकीकाकी आली नाही. पोरीला पाठवून तिने निरोप दिला की अंगात कसर आहे.

वास सकाळपासून असा होता की डायलनने नाकाला रुमाल बांधला. खिडक्या सताड उघड्या होत्या, खाली मच्छीमार्केट भरलं होतं, वाऱ्यावर बोंबील आणि सुंगटांचा वास येत होता, आणि त्या सगळ्यावर तो गोड, कुजका थर बसला होता. चादरीला पिवळे डाग पडले होते. ओले. त्याने चादर बदलावी म्हणून कोपरा उचलला आणि सोडला. नाही. उचलायची नाही. शिकला होता तो.

भाव दहाला साठ होता. अकराला सत्तर. दर वेळी चादर खुपसल्यासारखी खाली जायची, पण आता अंगठा उशिरा जायचा, आणि जोर कमी असायचा. दमलेला माणूस दार लोटतो तसा. दोनला ऐंशी, तीनला शहाण्णव. पप्पांचं कपाळ घामाने निथळत होतं. डावा डोळा डायलनवरून हलत नव्हता.

चारला टूलने अठ्ठावीस फाइली आणल्या, एकही तुटली नव्हती. एकोणतिसावी यायला वेळ लागला. पडद्यावर भावाच्या जागी आकडे सुरू झाले आणि थांबेनात. ते ओळीच्या कडेपर्यंत गेले, खालच्या ओळीत उतरले, आणि उतरत राहिले. खाटेवर चादर पंजा, पंजा, पंजा, पंजा अशी दाबली जात होती. डायलन मोजू लागला आणि त्याने मोजणं सोडलं. इतका भाव कोणी देत नाही. कशालाच देत नाही.

अंगठा गेला नाही.

तो उठून खाटेशी उभा राहिला. चादरीखालून आवाज येत होता, आंबा चोखताना येतो तसा. ओला, आवडीने चाललेला. डाग त्याच्या डोळ्यांदेखत पसरत होते. चादरीच्या कडेखालून एक पिवळट ओघळ निघाला, खाटेच्या दांडीवरून लोंबला, ताणला गेला, आणि त्याच्या पायावर पडला. कोमट होता.

पुढे त्याने स्वतःला किती वेळा विचारलं असतं, की तेव्हा माझ्या मनात काय होतं? मनात काहीच नव्हतं. अंगानेच केलं. पायावर झुरळ चढलं की पाय झटकतो तसं. त्याने दोन्ही हातांनी चादर धरली आणि ओढली. ओढताना त्याला पप्पांचा जेवतानाचा आवाज आठवला. किळस इली तरी. पण तोवर चादर कमरेखाली आली होती.

पप्पांच्या उजव्या हातात एक हात होता.

तो कुठून आला होता ते दिसलं नाही. मनगटापासून पुढे तो गादी आणि भिंत यांच्या फटीत गेला होता, आणि ती फट चार बोटांचीही नव्हती. चोखून टाकलेल्या रायवळ आंब्याचा बाठा असावा तसा होता. पिवळा, गिळगिळीत, सगळीकडून ओले केस निघालेले. तळवा वर होता. त्या तळव्यावर नखांच्या खुणा होत्या. एकावर एक, चंद्रकोरींसारख्या, शेकड्यांनी. काही ताज्या, काही भरून आलेल्या, काही इतक्या जुन्या की नुसत्या रेघा. पंधरवड्याच्या नव्हत्या त्या. वर्षानुवर्षांच्या होत्या.

त्या हाताने पप्पांचा हात सोडला. मग सौदा झाल्यावर घेणारे थोपटतात, तसा दोनदा हलकेच थोपटला. आणि फटीत गेला. जाताना केस भिंतीला घासल्याचा आवाज झाला.

८

डायलन खुर्चीवर येऊन बसला. त्याला बसल्याचं आठवत नव्हतं. पडद्यावर एकोणतीस नंबर उघडाच होता. डावी बाजू रिकामी. उजवी बाजू रिकामी. खाली, जिथे झालेला व्यवहार दिसतो तिथे, एक ओळ. नग: एक.

पप्पांचा श्वास चालू होता. घरघर नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा तो साफ, सरळ चालला होता. डायलनला रडू फुटलं. तो खाटेकडे धावला, गुडघ्यांवर बसला. "पप्पा," तो म्हणाला. "आसास मा? हयच आसास मा?"

डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, कानापर्यंत ओघळत होतं. तो डोळा मिटला. मग उजवा हात उचलला गेला, डॉक्टरने मासळीसारखा टाकून दाखवलेला तो हात. त्याने डायलनचं मनगट धरलं. पकड पप्पांची होती, पेट्या उचलणाऱ्या माणसाची. अंगठ्याने त्याची बाही वर सारली. आणि पहिलं बोट त्याच्या हातावर टेकलं.

बोट ओलं होतं, चिकट. ते सावकाश फिरलं. एक गोल. गोलात एक आडवी रेघ. तिच्याखाली दुसरी. घाई नव्हती, चूक नव्हती. पप्पांना मार्का काढताना डायलनने हजारो वेळा बघितलं होतं. माल दुसऱ्याचा असला, काळीज फाटत असलं, तरी दलालाला मार्का काढावाच लागतो.

मग हात गादीवर पडला आणि पुन्हा हलला नाही.

डायलनने मोरीत जाऊन हात घासला. आधी साबणाने, मग राखेने, मग काथ्याने, कातडी लाल होईपर्यंत. खूण गेली नाही. वास गेला नाही. आता तो खाटेकडून येत नव्हता. तो त्याच्या हाताला होता, त्याच्या शर्टाला होता, त्याच्या तोंडात होता. नग एक, त्याने मनात म्हटलं. घरात माणसं दोन. आणि कुठला नग ते आपण एकदाही विचारलं नाही.

काल छातीवर लागलेला जोर त्याला आठवला. दाराच्या दिशेने.

दार चार पावलांवर होतं. जिना उतरला की अंगण, पुढे रस्ता, रस्त्यावर रिक्षा. तो दारापर्यंत गेला. कडीला हात लावला.

खाली अंगणात कोणीतरी काहीतरी टेकवलं. लाकडाचा आवाज. तो आवाज डायलन झोपेतही ओळखायचा. रिकाम्या पेटीचा वेगळा असतो, भरलेलीचा वेगळा. ही रिकामी होती. आणि मोठी होती.

खिडकीतून समुद्र दिसत होता. सूर्य पाण्यावर अजून हातभर होता. टेबलावर, कोणी ओळ न लिहिताच, टूल पाचच्या फाइली आणायला निघालं होतं, ओळी एकामागून एक नीट येत होत्या, एकही तुटत नव्हती.

खाली कोणीतरी पेटीत पेंढा पसरू लागलं.